ऑर्गनची गणना सामानसुमानात नको

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मुंबईतील जुन्या वास्तूंच्या जतनासंबंधी आपल्या दैनिकात जे लेख येतात ते मी नेमाने वाचतो आणि त्यांतील बरेचसे कापूनही ठेवतो. दगडाच्या सफाईपासून रंगीत काचांच्या जोडणीपर्यंत पुष्कळ गोष्टींची माहिती त्यांतून मिळते. मात्र शहरातील जुन्या चर्चमध्ये जे पाइप ऑर्गन आहेत, त्यांचे अशा दुरुस्तीच्या काळात काय होते, याविषयी कुठे काही छापून आल्याचे मला आठवत नाही. परळच्या रेल्वे वर्कशॉपात पॅटर्नमेकर म्हणून नोकरी करता करता मी ३१ वर्षे दर रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवला, आणि वाजवणाऱ्यानेच दुरुस्तीही करायची अशी या शहरातली रीत असल्यामुळे जमेल तशी ती केली. त्या अनुभवाच्या आधारे एक मुद्दा आपल्या वाचकांपुढे आणि वारसा जतनाचे निर्णय घेणाऱ्यांपुढे मांडावासा वाटतो. पाइप ऑर्गन हा चर्चच्या इमारतीचा भाग समजला जावा. बाके, पंखे आणि सतरंज्या यांच्या यादीत त्याची नोंद होऊ नये.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. मराठी माणसाला ऑर्गन म्हटले की संगीत नाटक आठवते. बालगंधर्वांच्या काळात नाट्यपदांच्या साथीला असे तो, पायांनी भाता हलवून वाजवायचा ऑर्गन म्हणजे पेटीचाच थोरला भाऊ. त्याच्या पोटात पितळेच्या पातळ जिभा असतात, ज्यांना पेटीवाले सूर म्हणतात, आणि वारा लागला की त्या थरथरून आवाज देतात. चर्चमधला पाइप ऑर्गन ही निराळीच चीज आहे. एका लाकडी घरात उभ्या करून ठेवलेल्या शेकडो बासऱ्या, जोडीला थोड्याफार तुताऱ्या, आणि त्या सगळ्यांत फुंकर घालणारा एक मोठा भाता, असे त्याचे ढोबळ वर्णन करता येईल. प्रत्येक स्टॉपसाठी (ओढून आवाजाचा एक प्रकार चालू करायची मूठ म्हणजे स्टॉप) नळ्यांची एक स्वतंत्र रांग असते आणि त्या रांगेत प्रत्येक पट्टीसाठी एक नळी, म्हणजे ५६ पट्ट्या आणि १० स्टॉप असा बेताचा ऑर्गन धरला तरी नळ्यांची संख्या ५६० होते. त्यांतील सर्वांत मोठी आठ किंवा सोळा फुटांची असते, तर सर्वांत लहानीचा बोलणारा भाग करंगळीच्या पेराएवढा. आठ फुटी उघड्या नळीतून सेकंदाला सुमारे ६५ कंपनांचा खर्ज निघतो आणि सोळा फुटी नळीतून त्याच्याही एक सप्तक खालचा, जो कानांपेक्षा बाकाच्या फळीतून पाठीला अधिक जाणवतो. या वाद्याचा उगम इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसकडे नेला जातो, म्हणजे चर्चशी त्याचे नाते जुळले ते फार नंतर.

माझी या वाद्याशी ओळख मागच्या बाजूने झाली. मी शाळकरी असताना आमच्या चर्चमधला ऑर्गन विजेच्या ब्लोअरवर चाले, परंतु वीज गेली की बाजूचा लाकडी दांडा वर-खाली करून भाता भरावा लागे, आणि त्या कामावर मंडळीतील दोन-तीन पोरांची नेमणूक असे. दांड्याजवळ सुतळीला बांधलेले एक शिशाचे वजन लोंबत असे. भाता भरला की वजन खाली येई, रिकामा होऊ लागला की वर चढे, आणि लाकडावर पेन्सिलीने ओढलेल्या दोन रेघांच्या मध्ये ते राखायचे, एवढीच आम्हांला शिकवण होती. मोठे गीत निघाले आणि वाजवणाऱ्याने सगळे स्टॉप ओढले की ते वजन डोळ्यांदेखत वर पळू लागे आणि आमची धांदल उडे. एकदा प्रवचन लांबले, मला डुलकी लागली, आणि पाळकसाहेबांच्या ‘आमेन’नंतर ऑर्गनमधून जे काही निघाले त्याला रेकणे याखेरीज दुसरा शब्द नाही; घरी गेल्यावर वडिलांनी जे केले ते इथे लिहिण्याची गरज नाही. ऑर्गनचे सगळे मर्म वाऱ्यात आहे, हे मात्र मी तेव्हापासून विसरलो नाही. जर्मन संगीतकार आणि ऑर्गनवादक बाख नवा ऑर्गन तपासायला जाई तेव्हा सर्वांत आधी सगळे स्टॉप ओढून भरगच्च वाजवून पाही आणि वाद्याची फुप्फुसे धड आहेत की नाहीत हे पहिल्यांदा कळले पाहिजे असे म्हणे, अशी आठवण त्याच्या मुलाने लिहून ठेवली आहे. ती वाचली तेव्हा मला तो दांडाच आठवला.

वाऱ्याचा हा दाब फार नसतो. पाण्याच्या नळीत मोजला तर तो साधारण तीन इंच भरतो. फुगा फुगवताना आपण याहून कितीतरी जास्त जोर लावतो. इतक्या हलक्या वाऱ्यावर चालणाऱ्या यंत्रात टाचणीएवढे भोक पडले तरी फरक पडतो, आणि मुंबईची हवा अशी भोके पाडण्यात वाकबगार आहे. भात्याच्या घड्यांवर आणि झडपांच्या तोंडावर मेंढीचे पातळ कातडे सरसाने चिकटवलेले असते. पावसाळ्यात त्या कातड्याला बुरशी येते, सरस सुटू लागतो आणि लाकूड फुगते. ऑक्टोबरच्या उन्हात तेच लाकूड आकसते. नळ्यांखालच्या वाऱ्याच्या पेटीत प्रत्येक स्टॉपसाठी भोके पाडलेली एक लांब लाकडी पट्टी मागेपुढे सरकत असते. ती जुलैमध्ये फुगून बसली की दोन्ही हातांनी ओढूनही स्टॉप बाहेर येत नाही, आणि जोर केलाच तर मूठ हातात येते. उंदरांविषयी तर काय लिहावे? सरस आणि कातडे या दोन्ही वस्तू त्यांच्या लेखी खाण्याच्याच आहेत.

पट्टीवरून बोट उचलल्यावरही नळी बोलतच राहते, याला आम्ही ‘सूर अडकणे’ म्हणत असू. एका ऑगस्टमध्ये अंत्यविधीच्या उपासनेत वरच्या सप्तकातला एक सूर असाच अडकला. शवपेटी दारातून आत येत होती, मंडळी उभी होती, आणि मी पट्ट्यांवरून दोन्ही हात उचलले तरी तो बारीक सूर छताखाली घुमतच राहिला. मी उतरलो, बाजूचे दार उघडून ऑर्गनच्या आत शिरलो, अंगठ्याएवढी ती नळी चाचपून शोधली, तिच्या भोकातून अलगद उचलली आणि सदऱ्याच्या खिशात टाकून पुन्हा जागेवर येऊन बसलो. रिकाम्या भोकातून वारा फुसफुसत राहिला, पण तो मला एकट्यालाच ऐकू येत होता. नंतर उघडून पाहिले तेव्हा झडप आणि तिची बैठक यांच्यामध्ये वाळलेल्या कातड्याचा कपचा सापडला, नखाएवढाही नव्हता तो.

उष्णतेचा परिणाम साध्या गणिताने समजतो. २० अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि ३० अंशांना ३४९. नळीची लांबी तीच राहून वेग वाढला म्हणजे सूर चढतो, आणि एवढ्या फरकाने तो अर्ध्या स्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने चढतो. सगळ्या नळ्या एकदम चढल्या असत्या तर मंडळीत कोणाच्या लक्षातही आले नसते. परंतु ओबोसारख्या, पितळी जीभ असलेल्या नळ्या बऱ्याचशा जागच्या जागी राहतात, आणि मग नाताळात उत्तम जुळवलेला ऑर्गन ईस्टरला कानाला बोचू लागतो. अशा वेळी त्या जिभेवर दाबून बसवलेली तार हलक्या हाताने ठोकून वर-खाली सरकवायची आणि सूर मिळवून घ्यायचा. या कामाला दोन माणसे लागतात, एक पट्टी धरून बसणारे आणि एक आत ठोकणारे. आमच्या घरी शनिवारी दुपारी पट्टी धरून बसण्याचे काम माझ्या पत्नीकडे असे, आणि तिचा कान माझ्याहून तयार असल्यामुळे ‘अजून चढाच आहे’ हे शब्द मी किती वेळा ऐकले असतील याची मोजदाद नाही.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की, ऑर्गन नाजूक असला तरी तो कुचकामी नाही. ज्या इंग्रज कारागिरांनी गरम देशांसाठी ऑर्गन बांधले त्यांना आपल्या हवेची कल्पना होती; अशा वाद्यांत ते सागवान किंवा महोगनी वापरत आणि सांधे नुसत्या सरसावर न सोडता स्क्रूंनी आवळत. आफ्रिकेतल्या लांबारेनेचे डॉक्टर म्हणून जगाला माहीत असलेले अल्बर्ट श्वाइट्झर हे उत्तम ऑर्गनवादक होते, आणि ते आफ्रिकेत गेले तेव्हा पॅरिसच्या बाख सोसायटीने त्यांना पायपट्ट्या जोडलेला जो पियानो भेट दिला त्याला तिथल्या हवेचा विचार करून जस्ताचे अस्तर लावलेले होते. याच श्वाइट्झर यांनी १९०६ साली ऑर्गनबांधणीवर एक पुस्तिका लिहून, कारखान्यातले नवे ऑर्गन बसवण्यासाठी जुने चांगले ऑर्गन मोडून टाकण्याच्या तेव्हाच्या प्रथेवर टीका केली होती. आपल्याकडे मोडण्याची पद्धत निराळी आहे. आपण इमारत दुरुस्त करता करता ऑर्गन मोडतो.

काही वर्षांपूर्वी दक्षिण मुंबईतील एका जुन्या चर्चची मोठी दुरुस्ती निघाली. नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यात गुंतलेल्यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता, आणि इमारतीचे काम खरोखरच निगुतीने झाले. चुन्याचा नवा गिलावा तर असा उतरला होता की मी त्यावरून तळहात फिरवून पाहिला. पाहुणा वादक म्हणून मी तिथे अधूनमधून वाजवत असल्यामुळे कामाचे कागद मला पाहायला मिळाले. त्यांत ऑर्गनची नोंद ‘फर्निचर’ या सदरात, बाकांच्या खालच्या ओळीत होती आणि त्या ओळीपुढचा खर्चाचा रकाना कोरा होता. बाके उचलून गोदामात ठेवली गेली. ऑर्गन हलवता येत नाही, म्हणून तो जागीच राहिला आणि त्यावर एक निळी ताडपत्री टाकण्यात आली, जी पहिल्याच आठवड्यात बाहेरची वाळू झाकायला गेली. जुना गिलावा खरवडताना उडालेली धूळ वरून उघड्या असलेल्या नळ्यांत महिनोन्महिने पडत राहिली. नळीच्या ओठाशी जी फट असते ती पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढी. तीत चिमूटभर चुना बसला की नळी एक तर मुकी होते, नाही तर घशात कफ अडकल्यासारखी बोलते. परांचीचा एक बांबू दर्शनी नळ्यांना टेकवून ठेवला होता. शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाच्या त्या नळ्या अंगठ्याने दाबल्या तरी चेपतात. तीन नळ्या कमरेत वाकल्या.

चौदा महिन्यांनी उपासना पुन्हा सुरू झाली तेव्हा ऑर्गनच्या ५६ पट्ट्यांपैकी मोजून अकरा पट्ट्या धड आवाज देत होत्या. मी कमिटीपुढे विषय काढला. एक तरुण सभासद अतिशय आदराने म्हणाले, “काका, वाजला नाही तरी शोभेला किती छान दिसतो.” शोभा आणखी वाढावी म्हणून पुढे दर्शनी नळ्यांना सोनेरी ऑइलपेंट देण्यात आला, तोही ओठांवरून, त्यामुळे ज्या तीन-चार नळ्या बोलत होत्या त्यांचीही तोंडे बंद झाली. शेजारी कोणा दानशूराने दिलेला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला. आतल्या नळ्या भंगारात निघाल्याचे मला कळले ते एका भंगारवाल्याकडून, शिशाच्या भावाने घेऊन तो त्या वितळवायला नेत असताना.

यात दोष कोणाचा, याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि माझ्या मते दोष त्या ‘फर्निचर’ या एका शब्दाचा आहे. मुंबईत वारसा वास्तूंसाठीचे नियम १९९५ पासून आहेत. पहिल्या श्रेणीच्या वास्तूच्या बाहेरील आणि आतील अशा दोन्ही भागांना अत्यावश्यक असल्याखेरीज हात लावू नये असा त्यांचा रोख आहे, तर दुसऱ्या श्रेणीच्या ‘अ’ वर्गात आतील बदलांना बरीच मोकळीक आहे. आतील भाग म्हणजे नेमके काय, यावर सगळे अवलंबून राहते. भिंतीत बसवलेली संगमरवरी स्मृतिशिळा त्यात मोडते, जमिनीवरच्या विलायती फरशा मोडतात. मग ज्याच्या वजनासाठी खालची तुळई जाड घातली, ज्याच्या उंचीसाठी गॅलरीमागची कमान रिकामी ठेवली आणि जो भिंतीला खिळलेला आहे, तो ऑर्गन बाकांच्या रांगेत कसा बसतो? कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या मनोऱ्यात १९०४ साली इंग्लंडहून आलेल्या आठ घंटा आहेत, त्यांना कोणी फर्निचर म्हणत नाही. १८७८ साली पुऱ्या झालेल्या राजाबाई टॉवरचे दगड स्वच्छ करताना घड्याळ कायमचे बंद पडू दिले असते, तर आपल्याच दैनिकात त्यावर अग्रलेख आला असता.

फोर्टातील सेंट थॉमस कॅथेड्रलच्या जतनकामाला २००४ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारांत गौरवण्यात आले, म्हणजे दगड-चुन्याची विद्या या शहरात आहे यात शंका नाही. इमारतीबरोबर वाद्याचाही विचार कसा करतात हे पाहायचे तर पॅरिसकडे पाहावे लागते. १५ एप्रिल २०१९ रोजी नोत्र दामला आग लागली तेव्हा तिथला जवळजवळ ८,००० नळ्यांचा ऑर्गन जळाला नाही, पण छपराच्या शिशाची विषारी धूळ त्यावर बसली. तो २०२० साली सुटा करून बाहेर काढला, साफ केला, पुन्हा उभारला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च उघडले त्या समारंभात आर्चबिशपांनी ऑर्गनला जागे होण्याची हाक दिली. आमच्याकडे ज्या धुळीने ऑर्गन मेला ती तर साधी चुन्याची होती.

पॅरिसइतका पैसा आपल्याकडे कुठून यायचा, असे कोणी म्हणेल, आणि ते रास्त आहे. म्हणून मला फिलिपाइन्सचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. मनिलाजवळच्या लास पिन्यास येथील ऑर्गन फादर दिएगो सेरा यांनी १८१६ ते १८२४ या काळात बांधला, आणि त्याच्या १,०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या आहेत. कीड लागू नये म्हणून त्यांनी बांबू आधी समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले होते. आपल्या कोकणातल्या माणसाला यातले शहाणपण वेगळे समजावून सांगायला नको. भूकंप आणि वादळे सोसून खिळखिळा झालेला तो ऑर्गन १९७३ मध्ये दुरुस्तीसाठी जर्मनीत बॉनला गेला आणि १९७५ मध्ये परत आला. त्यानंतर तिथल्याच तरुणांनी युरोपात जाऊन हे काम शिकून घेतले आणि मायदेशी परतून कार्यशाळा काढली, त्यामुळे त्या देशातील स्पॅनिश काळातले जुने ऑर्गन आता परदेशी न पाठवता दुरुस्त होऊ शकतात. हवा आपल्यासारखीच दमट आहे, आणि पैशाची चणचणही फार वेगळी नसावी.

जर्मनीत ऑर्गनची दुरुस्ती आणि बांधणी करणाऱ्या सुमारे ४०० कार्यशाळा आहेत आणि २०१७ साली ही कला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. मुंबईत अशी कार्यशाळा काढावी एवढी मोठी मागणी मी करत नाही. परंतु इथे हात नाहीत असे जे म्हटले जाते ते मला मान्य नाही. गिरगावातील एका वयोवृद्ध पेटीवाल्यांनी आमच्या चर्चचा भाता पुन्हा कातड्याने मढवून दिला होता. आयुष्यात त्यांनी पाइप ऑर्गन आतून पाहिला नव्हता. त्यांनी चार कातडी मागवली, प्रत्येकाचा तुकडा गालाला लावून पाहिला, तीन परत केली. सरसाचा डबा पाण्याच्या पातेल्यात ठेवून मंद आचेवर ऊन करत ते दोन दिवस जमिनीवर बसून काम करत होते. आमच्यापैकी कोणीतरी सुचवले की हल्ली बाजारात पांढरा डिंक मिळतो, तो पाण्याने सुटत नाही, तोच का लावू नये? त्यावर ते म्हणाले, “सुटत नाही म्हणूनच नको. तीस वर्षांनी कोणाला हे उघडावं लागेल, त्यानं काय लाकूड फाडायचं?” जतनशास्त्राच्या पुस्तकांत हाच नियम पानभर मजकुरात लिहिलेला असतो. याच्या उलट, दुसऱ्या एका चर्चमध्ये तो पांढरा डिंक वापरून केलेली दुरुस्ती मी नंतर उघडली आहे, आणि कातड्याबरोबर निघालेले शंभर वर्षांच्या सागवानाचे धलपे आजही डोळ्यांपुढे आहेत. मिरजेचा तंतुवाद्यांचा धंदादेखील दुरुस्तीतूनच उभा राहिला. शस्त्रांचे काम करणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात बिघडलेली वाद्ये हाताळता हाताळता ही विद्या मिळवली, आणि २०२४ साली तिथल्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पेटीवाले, सुतार आणि कातडीकाम करणारे अशा तीन-चार जणांना कोणी जाणकार वर्षभर शिकवील, तर मुंबई आणि पुण्यातील ऑर्गनची नित्याची डागडुजी त्यांच्याकडून सहज होईल.

‘हे तर साहेबाचे वाद्य, ते गेले तर बिघडले कुठे?’ असाही प्रश्न मला विचारला गेला आहे, आणि विचारणारे ख्रिस्ती होते. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने ऑर्गनवर शोभत नाहीत, त्यांना तबला आणि पेटीच हवी, हे मी स्वतः वाजवणारा असूनही कबूल करतो. परंतु ती पेटी तरी कुठली? एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये जन्मलेली. तिला परकी आणि आपल्या श्रुतींना मारक ठरवून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिच्यावर बंदी घातली होती, आणि आज पेटीशिवाय भजनी मंडळ बसत नाही. मराठी उपासनेत संथ लयीची गीते चारशे माणसे एका सुरात गातात तेव्हा खालून सोळा फुटी नळीचा जो आधार मिळतो, तो स्पीकरच्या खोक्यातून मिळत नाही. इलेक्ट्रॉनिक वाद्याला मी नावे ठेवत नाही. लहान मंडळीला तेच परवडते आणि शाळा, दवाखाना यांचा खर्च आधी, हे मलाही पटते. ज्यांच्याकडे ऑर्गन नाही त्यांनी तो आणावा असे माझे मुळीच म्हणणे नाही. आहे तो दुरुस्तीच्या नावाखाली मारू नये, इतकेच.

त्याला फार खर्चही नाही. कोणत्याही जुन्या चर्चच्या दुरुस्तीचा आराखडा मंजुरीसाठी येईल तेव्हा त्यात ऑर्गन आहे का, हे विचारणारी एक ओळ वारसा समितीने आपल्या अर्जात घालावी, आणि असल्यास काम सुरू होण्यापूर्वी नळ्या उतरवून, क्रमाने खोक्यांत भरून ठेवल्याखेरीज गिलाव्याला हात लावू देऊ नये. उतरवणे शक्यच नसेल तर वरून-खालून लाकडी चौकट ठोकून तो हवाबंद झाकावा. ताडपत्री म्हणजे झाकण नव्हे. धर्मगुरूंना आणि कमिट्यांना माझी विनंती अशी की ऑर्गन बिघडलेला असला तरी ब्लोअर चालत असेल तर आठवड्यातून पाव तास तो सुरू करून प्रत्येक पट्टी एकदा दाबून घ्यावी. कातडे हलत राहिले की लवकर कडक होत नाही, आणि उंदीर तिथे घर करत नाहीत. ज्या चर्चमध्ये हल्ली एअरकंडिशनर बसवले आहेत तिथे ते फक्त रविवारी दोन तास लावून बाकीचे सहा दिवस बंद ठेवणे हा लाकडाच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट प्रकार आहे. त्यापेक्षा खिडक्या उघड्या ठेवून पंखे लावावेत. आणि नळी मुकी झाली म्हणून ती विकू नये. मुकी नळी बहुधा एका दुपारच्या कामाने बोलती होते, विकलेली होत नाही.

त्या भंगारवाल्याकडून मी हाताला लागल्या त्या सतरा नळ्या परत विकत घेतल्या. प्रत्येक नळीच्या पायथ्याशी बांधणाऱ्याने टोकदार हत्याराने सुराचे अक्षर आणि स्टॉपचे नाव कोरलेले आहे, त्यामुळे कोणती कुठे बसते हे शोधावे लागणार नाही. जुन्या धोतरांत गुंडाळून त्या माझ्या माळ्यावर ठेवल्या आहेत. त्या चर्चच्या नव्या कमिटीला मी तसे दोनदा कळवले आहे. उत्तर आले की त्याच आठवड्यात टॅक्सीने नेऊन देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त ऑर्गनवादक
भायखळा, मुंबई